६८ लिंगे आणि एक दीक्षा

(सोलापुरात सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी, गड्ड्याची यात्रा महिन्यावर आली असता, कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले शिरस्तेदार आणि त्यांचा भाचा.)

भाचा : मामा, यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलण्याचा मान आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, पण ज्याच्यासाठी तो पेलायचा त्याच्यावर माझी श्रद्धा उरली नसता, केवळ रिवाज म्हणून मी बाराबंदी अंगात घातली, तर ती प्रतारणा नव्हे काय?

मामा : ज्याच्या नावाने ही यात्रा भरते त्याचेच आधी पाहू. बाराव्या शतकात सिद्धरामाने, म्हणजे याच सिद्धेश्वराने, हे तळे खणविले, गावाभोवती ६८ लिंगे स्थापिली, आणि हीच परिपूर्ण ईश्वरसेवा असे मानून तो कृतार्थ होता. ‘शून्यसंपादने’ हा कन्नड वीरशैव ग्रंथ सांगतो की, संत अल्लमप्रभू येथे आला, मजुरांदेखत त्याने सिद्धरामाला हिणविले, मजुरांनी धोंडे उचलले. पुढे वाद झाला, आणि देवालये-तळी यांच्या पुण्याने मुक्ती लाभत नाही हे अंतःकरणाला पटल्यावर, ६८ लिंगांच्या त्या स्थापकाने कल्याणास जाऊन त्याच पंथाच्या चन्नबसवण्णाकडून तळहातावर मावणाऱ्या एका इष्टलिंगाची दीक्षा घेतली. जमिनीची वहिवाट आधी बदलते, फेरफाराची नोंद मागाहून होते. कल्याणची दीक्षा ही नोंद, वहिवाट बदलली ती या काठावर.

भाचा : दाखला थोर आहे, पण मला लागू नाही. सिद्धराम एका श्रद्धेतून अधिक सूक्ष्म श्रद्धेत गेला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यास धर्मत्यागाची घोषणा केली आणि १९५६ साली ते नागपुरास बुद्धाला शरण गेले. त्यांच्यामागे घोर अन्याय होता, पुढे विचारपूर्वक निवडलेला मार्ग होता. माझ्यावर या देवाने वा देवळाने कसलाच जुलूम केलेला नाही, आणि मला जायचेही कोठे नाही. होते ते ओसरले, एवढेच.

मामा : (बऱ्याच वेळाने) हे मला कबूल केले पाहिजे. परंतु दीक्षेनंतरही सिद्धरामाचे तळे बुजले नाही, लिंगे उखडली गेली नाहीत, आणि त्याची समाधी आहे ती याच गावात. ज्यावरून मन उठले त्याचा त्याने द्वेष केला नाही.

भाचा : म्हणजे नंदीध्वज पेलावा?

मामा : मुळीच नाही. ‘हर्र बोला हर्र’ असा घोष करीत जो समुदाय भोवती चालतो, तो त्या उंच काठीखालचा माणूस आपल्यासारखाच भाविक आहे असे धरून चालतो. त्या विश्वासावर तुझा हक्क राहिलेला नाही. सराव सुरू होण्यापूर्वी आईला स्पष्ट सांग आणि चुलतभावाला पुढे कर. तैलाभिषेकाच्या दिवशी मात्र ६८ लिंगांच्या वाटेने तिच्याबरोबर चाल, तिचे गुडघे आता साथ देत नाहीत. तेलाचे भांडे तू धर.

भाचा : ती प्रतारणा नव्हे?

मामा : नव्हे, कारण तिला ठाऊक असेल.

भाचा : आणि ती म्हणाली, माझ्यासाठी एवढ्या वर्षी तरी पेल, तर?

मामा : तरी नाही म्हण. ती रडेल, कदाचित बोलणे टाकील. टाकले तरी रोज दिवेलागणीला तिच्याजवळ जाऊन बस.