आपणच म्हटलेलं ‘हो’

१९८९ च्या डिसेंबरात एड्सविषयी माहिती देणारी एक फ्लॉपी टपालानं देशोदेशी गेली. सुमारे वीस हजार प्रती. पाठवणारा जोसेफ पॉप हा उच्चशिक्षित जीवशास्त्रज्ञ. फ्लॉपीतली प्रश्नावली अगदी व्यवस्थित चालायची: उत्तरं द्या, तुम्हाला धोका किती ते बघा. पण इन्स्टॉल होताना तिनं कंप्युटर सुरू होतानाच्या फाइलीत आपली सोय करून ठेवलेली असे. कंप्युटर साधारण नव्वदाव्यांदा सुरू झाला, की फाइलींची नावं अगम्य व्हायची आणि पडद्यावर मागणी यायची: १८९ डॉलर, पनामातल्या टपालपेटीवर. गंमत म्हणजे पैसे न भरल्यास तुमच्या इतर प्रोग्रॅमांवर परिणाम होईल, असं सोबतच्या पत्रकातच छापलेलं होतं. असली पत्रकं वाचतो कोण?

कामाच्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन आत शिरणारा घातक प्रोग्रॅम म्हणजे ट्रोजन, आणि त्याचं मर्म या फ्लॉपीत पुरतं सापडतं. इथं कुलूप कुणी फोडलं नाही. मालकानंच तो प्रोग्रॅम स्वतःच्या हातानं चालवला. कंप्युटरला हेतू कळत नाही, हुकूम कुणाचा एवढंच कळतं. आणि हुकूम मालकाचा असल्यामुळे मालकाला जे जे करता येतं, ते ते त्या प्रोग्रॅमलाही करता येतं. ही एक गोष्ट मनात पक्की बसली, की ट्रोजन ओळखायचा कसा आणि काढायचा कसा, दोन्ही तिच्यातूनच निघतं.

आपण मात्र ओळखायला लक्षणांपासून सुरुवात करतो. कंप्युटर स्लो झालाय, म्हणजे नक्की व्हायरस! बहुतेक वेळा जुनी हार्ड डिस्क आणि अपुरी रॅम हेच कारण निघतं. पासवर्ड चोरायला आलेला ट्रोजन मशीन मंद करून आपली चाहूल कशाला देईल? (तुमच्या विजेवर क्रिप्टोचं मायनिंग करणारा ट्रोजन पंखा सतत घोंघावत ठेवतो, तो अपवाद.) कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी उगवणारा ‘तुमच्या कंप्युटरमध्ये व्हायरस सापडला’ हा चौकोनही बहुधा ट्रोजन नसतो. कुठल्या तरी वेबसाइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. ब्राउझरच्या सेटिंगमधून ती काढली की गप्प बसतो.

तेव्हा पहिला प्रश्न मशीनला नाही, माणसांना विचारायचा: गेल्या काही दिवसांत कशाकशाला ‘हो’ म्हटलं? दरडावून विचारलं तर कुणी सांगत नाही, ऑफिसात तर नाहीच. शांतपणे विचारलं तर निघतं. ईमेलमधलं बिल उघडलं होतं, पण काहीच दिसलं नाही. विंडोज फाइलीच्या नावाची शेपटी मुळात लपवून ठेवतं, त्यामुळे ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘बिल डॉट पीडीएफ’ दिसते, वर चिन्हही पीडीएफचंच. किंवा एका पानानं ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ म्हणून विंडोज आणि आर ही बटणं दाबायला लावली, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. २०२४ पासून हा प्रकार फार बोकाळला आहे. पानानं आधीच कॉपी करून ठेवलेली आज्ञा माणूस आपल्या बोटांनी चिकटवतो आणि चालवतो.

पण आपल्याकडचं सगळ्यात मोठं ‘हो’ असतं क्रॅकला, म्हणजे फुकटात चालवायच्या चोरट्या सॉफ्टवेअरला. लग्नपत्रिका, फ्लेक्स करणारं एखादं डीटीपीचं दुकान घ्या. डिझाइनचं सॉफ्टवेअर महाग, मराठी फॉन्टचंही महाग, म्हणून कुणीतरी पेनड्राइव्हवर ‘फुल व्हर्जन’ आणून देतो. सोबतच्या टेक्स्ट फाइलीत पहिलीच ओळ असते: अँटीव्हायरस बंद करा. आपण करतो. मग पडदा मंद होतो, विंडोज विचारतं, या ॲपला बदल करू द्यायचे का? आपण ‘येस’ दाबतो. असले काही क्रॅक त्या एका ‘येस’च्या जोरावर विंडोज डिफेंडरच्या एक्स्क्लूजन्सच्या यादीत, म्हणजे ‘इथं तपासू नकोस’ असं सांगणाऱ्या यादीत, आपला फोल्डर लिहून टाकतात. कधी कधी अख्खा सी ड्राइव्ह! त्यानंतर दुकानदार कितीही वेळा स्कॅन करो, उत्तर एकच: धोका आढळला नाही. डिफेंडर खोटं बोलत नसतो, त्याला तिकडं बघायलाच मनाई केलेली असते. विंडोज सिक्युरिटीत जाऊन ही यादी आधी बघावी. आपण न घातलेली नोंद तिथं दिसली, तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

काढणं म्हणजे ती एक फाइल डिलीट करणं, असं वाटतं. तेवढ्यानं भागत नाही. दिलेली प्रत्येक परवानगी परत घ्यावी लागते. आधी वाय-फाय किंवा केबल काढून मशीन नेटपासून तोडायचं. मग दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून पासवर्ड बदलायचे, ईमेलचा सर्वांत आधी, कारण बाकीचे त्यावरूनच बदलता येतात. सोबत ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट’ हेही करायचं. आजचे चोर ट्रोजन ब्राउझरमधल्या कुकीजही नेतात, आणि चालू असलेल्या लॉगिनची कुकी हाती असली की पासवर्डची गरज उरत नाही. पैसे गेले असतील तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा.

त्यानंतर एक्स्क्लूजन्स काढून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. यात मशीन रीस्टार्ट होतं आणि नेहमीचं विंडोज सुरू होण्याआधी तपासणी होते. कारण उघड आहे: चालू विंडोजमध्ये ट्रोजनही चालू असतो आणि डिफेंडरला चकवू शकतो. मग टास्क मॅनेजरमधले स्टार्टअप ॲप्स, टास्क शेड्यूलर, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स. १९८९ च्या फ्लॉपीनं जशी आपली सोय केली होती, तशी आजचे ट्रोजन इथं करतात. नावावर जाऊ नये. ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाची खरी फाइल विंडोजच्या सिस्टिम३२ मध्ये असते. तेच नाव डाउनलोड्समधून किंवा टेम्प फोल्डरमधून चालताना दिसलं, तर तो तोतया.

आणि ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार किंवा हिशेब चालतात, तिथं माझं मत स्पष्ट आहे: झाडलोट पुरे, विंडोज नव्यानं टाका. इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर बनवायचा. बॅकअप फक्त कागदपत्रं, फोटो, हिशेबाच्या डेटाचा. एकही ईएक्सई नाही, आणि तो ‘फुल व्हर्जन’चा फोल्डर तर नाहीच.

नव्या विंडोजवर रोजच्या कामाला साधं, स्टँडर्ड अकाउंट ठेवावं. ब्राउझरमधले पासवर्ड चोरायला ॲडमिनचे हक्क लागतातच असं नाही, त्यामुळे यानं सगळं थांबणार नाही. पण डिफेंडरच्या यादीत स्वतःचं नाव घालायला ते लागतात. म्हणजे ऑपरेटरला असल्या ‘येस’साठी मालकाला उठवावं लागतं, आणि मालकाला येऊन पासवर्ड टाकावा लागतो. लग्नसराईत हे दोघांनाही परवडत नाही, आणि आठवड्याभरात तो पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला दिसतो.