सात गुणांची आठवण

माझी भाची नववीत होती तेव्हाची गोष्ट. तिची इंटरमिजिएटची ड्रॉइंगची परीक्षा तोंडावर आली होती आणि मी दोन दिवसांसाठी बहिणीकडे इचलकरंजीला गेले होते. शाळेत स्मरणचित्राचा सराव चालू होता. विषय होता ‘सुट्टीच्या दिवशी घरी’. तिने काढलेलं चित्र मला दाखवलं.

चित्रात भरदुपारी झोपलेला तिचा बाप होता. तो यंत्रमागावर रात्रपाळी करतो. डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून तोंडावर टॉवेल टाकलेला, एक पाय चटईच्या बाहेर. दारात आई बोट ओठांवर ठेवून उभी, आणि धाकटा भाऊ चपला हातात घेऊन चवड्यांवर आत येतोय. रंग जेमतेम होते, भावाचा हात चुकला होता. पण ते घर मला ओळखू आलं. त्या घरात दुपारी सगळे असेच चालतात.

“सर म्हणाले, हा विषय होत नाही,” ती म्हणाली. “झोपलेल्या माणसात हालचाल नाही. गाइडमधलं क्रिकेटचं नाहीतर पतंगाचं बसवून टाक म्हणाले. मावशी, काय करू?”

मी क्षणभरही थांबले नाही. म्हटलं, “सर सांगतात तसं कर. सात मार्कांचा प्रश्न आहे.”

या उत्तराचा मी अजून विचार करते आहे.

ज्यांनी ही परीक्षा दिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. महाराष्ट्रात कला संचालनालय शाळकरी मुलांसाठी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन रेखाकला परीक्षा घेतं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे इंटरमिजिएटचे पेपर. त्यात अ श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण वाढीव मिळतात, ब ला 5 आणि क ला 3. अकरावीच्या किंवा डिप्लोमाच्या यादीत एकेका टक्क्याला केवढी गर्दी असते हे माहीत असलेल्या घरात 7 गुण ही चेष्टा नाही.

आता ‘स्मरणचित्र’ हा शब्द बघा. स्वतः पाहिलेलं, मनात राहिलेलं आठवून काढायचं चित्र. प्रत्यक्षात आम्ही आठवत होतो ते गाइडमधलं चित्र. मी स्वतः हेच केलंय. आमच्या वेळी गुणांपेक्षा प्रमाणपत्राचं अप्रूप होतं, पण तयारी हीच होती. माझा भाजीबाजार पाठ होता. डावीकडे टोपलीवाली बाई, मध्ये पिशवी घेतलेला माणूस, उजवीकडे बोट दाखवणारा मुलगा. विषय जत्रा आला तर टोपलीत खेळणी भरायची, स्टेशन आलं तर टोपली डोक्यावर द्यायची. मला अ श्रेणी मिळाली. ती टोपलीवाली मी आजही डोळे मिटून काढू शकते. माझी आई दर बुधवारी बाजारात टोपली घेऊन बसायची, तिचं चित्र मात्र मी कधीच काढलेलं नाही.

मग पाठांतरच वाईट म्हणायचं का? तसं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. आपल्याकडे गाणं शिकणारा शिष्य वर्षानुवर्षं गुरूची जागा हुबेहूब घ्यायचा प्रयत्न करतो. सुताराचा पोरगा बापाचा रंधा बघून रंधा मारायला शिकतो. नक्कल हा शिकण्याचा जुना आणि प्रामाणिक रस्ता आहे. पण गुरूची जागा घेताना शिष्याला कान लावून ऐकावं लागतं. शंभरदा चुकल्यावर त्याचा कान तयार होतो. गाइडमधली टोपलीवाली मला उलट काम करून देत होती. ती पाठ झाल्यामुळे मला कुठल्याच टोपलीवालीकडे बघावं लागत नव्हतं. एक नक्कल बघायला शिकवते, दुसरी बघण्यातून सुटका करते. दोन्हींना आपण सराव असंच म्हणतो.

सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत बाईंनी 1942 मध्ये शाळेच्या अभ्यासाबद्दल एक निबंध लिहिला. त्या स्वतः शाळेत तत्त्वज्ञान शिकवायच्या. त्यांचं म्हणणं साधारण असं, की अभ्यासाचं खरं काम अवधान तयार करणं हे आहे. भूमितीचं गणित सुटलं नाही तरी त्यावर मन लावून घालवलेला तास फुकट जात नाही, कारण तेच अवधान पुढे दुःखात असलेल्या माणसाकडे नीट बघायला उपयोगी पडतं. वेल यांचा अवधानाचा रोख शेवटी प्रार्थनेकडे होता. माझा तेवढा आवाका नाही. पण चित्रकलेच्या तासाला मला यापेक्षा चांगलं कारण सापडत नाही. कलेने मुलं सर्जनशील होतात, ताण कमी होतो, करिअरच्या वाटा खुलतात, हे सगळं असेल. पण बापाचा पाय चटईबाहेर कसा पडतो हे चौदा वर्षांच्या मुलीने बघितलं होतं. तिला बाप किती दमतो हे कळलं होतं, आणि ते चित्र काढताना कळलं होतं.

इथे माझंच मन मला अडवतं. ‘कला गुणांसाठी नसते’ हे कोण म्हणतं? बहुतेक वेळा ज्याला त्या गुणांची गरज नाही तोच. यंत्रमाग कामगाराच्या मुलीला कलेच्या पावित्र्यासाठी 7 गुणांवर पाणी सोड म्हणणं हा माझ्या पगारी नोकरीचा माज झाला असता. आणि दुसरं, गुणच काढून टाकले तर? शिक्षण हक्क कायदा, 2009 सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी निदेशक हवा म्हणतो, पण तोही अंशकालीन. वरच्या वर्गांत चित्रकलेचा तास गणिताच्या सरांनी मागून घ्यायचा हे तर आपण सगळ्यांनी पाहिलंय. अनेक शाळांत हा विषय थोडाफार जिवंत आहे तो या गुणांमुळे. म्हणजे ज्याने विषय वाचवला त्यानेच तो पोखरला. त्या सरांनाही मी दोष देऊ शकत नाही. वर्गात साठ मुलं, आठवड्याला एक-दोन तास आणि निकालाचा तक्ता मुख्याध्यापकांच्या टेबलावर.

तिने परीक्षेत गाइडमधलं चित्र बसवलं. अ श्रेणी आली. निकालाच्या दिवशी तिचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. मी अभिनंदन केलं आणि विचारलं, “ते चित्र जपून ठेवलंयस ना?”

“कुठलं?”

“अगं, पप्पा झोपलेत ते.”

“ते होय! रद्दीत गेलं असेल मावशी.”

त्या ‘कुठलं?’ने मला माझी चूक दाखवली. मी तिला गाइडमधलं चित्र काढायला सांगितलं ही चूक नव्हती, निदान फार मोठी नव्हती. परीक्षा ही परीक्षा असते, तिची एक युक्ती असते, ती शिकवायला हरकत नाही. चूक ही, की मी एवढंच सांगितलं. ‘हा विषय होत नाही’ हे वाक्य मी तसंच राहू दिलं. तिच्या घरातली दुपार, तिच्या बापाची झोप हा चित्राचा विषय होऊ शकत नाही, आणि विषय असतात ते छापलेल्या पुस्तकात, असं दोन मोठ्या माणसांनी तिला सांगितलं. त्यातलं एक माणूस तिची मावशी होती.

मला म्हणता आलं असतं, “परीक्षेत पतंग काढ, तो मार्कांसाठी. पण चित्र हे आहे.” दोन वाक्यं. त्यांनी तिचा एकही गुण कमी झाला नसता. व्यवस्था बदलणं माझ्या हातात नाही, तिच्या सरांच्याही नाही. पण युक्तीला युक्ती आणि चित्राला चित्र म्हणणं, मुलांशी तेवढं खरं बोलणं, हे कुठल्याही मोठ्या माणसाच्या हातात असतं. त्याला ना जीआर लागतो, ना अनुदान.

दिवाळीत इचलकरंजीला जाणार आहे. चांगले कागद घेऊन जाईन आणि राहिलेलं दुसरं वाक्य तिला सांगेन. ती पुन्हा चित्र काढेलच असं नाही. तिचं दहावीचं वर्ष आहे.