धुऱ्याला इंग्रजीत रुंदी नसते

वऱ्हाडातल्या किन्हीराजाच्या शिवारात दोन वावरांच्या मध्ये जो धुरा असतो, त्याला रुंदी असते. त्यावर गवत माजतं, बोरी-बाभळी उगवतात, पेरणीच्या दिवसांत माणसं त्यावरूनच ये-जा करतात. शेजारी दरसाल नांगराचं एखादं तास जास्त ओढतो, धुरा आकसत जातो, आणि एक दिवस मोजणीचा अर्ज पडतो. दावा लागला की तो तालुक्याच्या कोर्टात मराठीत चालतो. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ सालची आहे. तोच वाद अपिलाच्या पायऱ्या चढत नागपूर खंडपीठापर्यंत गेला, की जबान्या आणि कागद इंग्रजीत करून द्यावे लागतात. तिथे धुऱ्याचं ‘बाउंडरी’ होतं. बाउंडरी म्हणजे रेघ. रेघेवर बाभूळ उगवत नाही, आणि रेघ नांगरून खाल्ली असं म्हटलं तर ते वेड्यासारखं दिसतं.

उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीतच का, याचं उत्तर राज्यघटनेच्या कलम ३४८ मध्ये आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यपाल राज्याच्या भाषेला परवानगी देऊ शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये हिंदीला ती मिळालेली आहे, मराठीला नाही. मराठीला ती मिळावी असं मलाही वाटतं. पण इंग्रजीच्या बाजूनेही एक रास्त गोष्ट आहे. मुख्य न्यायमूर्ती बहुधा परराज्यातून येतात, इतरांच्याही बदल्या होतात. कागदपत्रं सगळ्यांना वाचता येतील अशा एका भाषेत असावीत, ही मागणी काही अन्यायाची नाही. चार माणसं बसली असताना दोघांनी आपसात तिसऱ्याच भाषेत बोलू नये, हा तर साधा रीतिरिवाज आहे.

प्रश्न आहे तो दारावरच्या पहारेकऱ्याचा. कोणत्या परक्या शब्दाला तो सलाम करतो आणि कोणाला अडवतो?

‘केवळ इंग्रजी’ म्हणवणारं हे दालन केवळ इंग्रजी कधीच नव्हतं. कंपनी सरकारने १८३७ च्या कायद्याने फारसीचं कोर्टातलं सक्तीचं स्थान काढून घेतलं, तरी वकालतनामा गेला नाही. पंचनामा इंग्रजी निकालांत मराठीतल्यासारखाच नांदतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, पण तिच्या इंग्रजी पाठात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज जसेच्या तसे आहेत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनींवरच्या अतिक्रमणाबद्दल निकाल दिला, तेव्हा पंजाबातली शामलात देह आणि दक्षिणेतली पोरंबोक ही नावं त्या इंग्रजीतच सांगावी लागली. न्यायमूर्तींना त्यात भाषेचा भंग दिसला नाही, दिसायचं कारणही नव्हतं. जी वस्तू इंग्लंडात नाही, तिचं नाव इंग्रजीत कुठून येणार?

परक्या शब्दाचा दुसरा प्रकार लॅटिनचा. ‘रेस ज्युडिकाटा’, ‘लोकस स्टँडाय’, ‘एक्स पार्टे’. हे शब्द कुणी अडवत नाही, उलट त्यांनी युक्तिवादाला वजन येतं असं मानलं जातं. खरं तर यातला प्रत्येक शब्द साध्या इंग्रजीत सांगता येतो. इंग्लंडने तो सांगितलाही: १९९९ मध्ये लागू झालेल्या दिवाणी प्रक्रिया नियमांनी ‘एक्स पार्टे’ काढून ‘नोटीस न देता’ अशा अर्थाचे सरळ शब्द आणले. तिथल्या कोर्टांचा हा प्रवास जुना आहे. युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा १३६२ साली झाला (गंमत म्हणजे तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये), आणि दप्तरातली लॅटिन हटवायला १७३० चा कायदा यावा लागला. आपल्याकडे मात्र ती लॅटिन अजून मिरवते आहे. आणि आमच्या भागातला अर्धशिक्षित माणूसही ‘केस एक्सपार्टी झाली’ म्हणतो, कारण त्या शब्दाचा फटका त्याने खाल्लेला असतो.

म्हणजे अडवणूक परकेपणाची नाही, ऐपतीची आहे. लॅटिनला तिरपा ठसा आणि मान, धुऱ्याला मात्र भाषांतर. परक्या शब्दाची पारख करायची तर ती एवढीच करावी: तो वस्तू घेऊन आला आहे, की नुसता रुबाब? आणि त्याच्यामुळे ज्याचं प्रकरण आहे तोच खोलीबाहेर राहतो का?

या पारखीचं उदाहरण जवळच आहे. वऱ्हाडातल्याच मालेगावहून मेडशीमार्गे अकोल्याला निघालं की वाटेत पातूर लागतं. तिथल्या नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव आहे, आणि ती पद्धत १९५६ पासूनची. स्थानिक प्राधिकरणांसाठी मराठी सक्तीची करणारा कायदा २०२२ मध्ये आला. त्याच्या आधारे ती पाटी आक्षेपार्ह ठरवावी, असं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्या. सुधांशु धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी एप्रिल २०२५ मध्ये उर्दूच्या बाजूने निकाल दिला. मराठी असलीच पाहिजे याचा अर्थ दुसरी नसावी असा होत नाही, हे त्याचं सार. मला तो निकाल पटतो. मराठी वाचणाऱ्याचं त्या पाटीने काहीच काढून घेतलेलं नाही. उर्दू वाचणाऱ्याला मात्र आपल्या नगरपरिषदेचा दरवाजा ओळखू येतो. विशेष म्हणजे, अदालत हा शब्द कुठला, याची आठवणही त्या निकालाने करून दिली.

हाच आरसा आपल्याकडे वळवला तर आपणही फार गोरे दिसत नाही. भाषा संचालनालयाचा पदनाम कोश १९६२ मध्ये निघाला, लोकांनी त्याचा ‘बदनाम कोश’ केला. त्यातले कित्येक शब्द रुजले, हे मान्य. पण पदनामांपलीकडच्या सरकारी शब्दांचं बघा: तलाठ्याच्या कार्यालयात ‘अकृषिक परवानगी’ म्हणणारा माणूस शोधून सापडत नाही, सगळे ‘एन.ए.’ म्हणतात. त्या माणसाला मराठी येत नाही असं थोडंच आहे? शुद्ध शब्दांची मराठी खोलीही कुलूपबंद होऊ शकते, आणि किल्ली परत साहेबाकडेच.

तेव्हा नागपूरच्या कागदांत मराठी घुसवा, एवढंच मी म्हणत नाही. भाषांतरकाराने धुरा, पांदण, मक्ता हे शब्द मूळ रूपात ठेवावेत आणि पहिल्यांदा येतील तिथे दोन ओळींत त्यांचं वर्णन द्यावं. धुरा असेल तर तो किती फूट, त्यावर झाडं कुणाची, गवत कोण कापतं, हे त्या वर्णनातच येईल, आणि वाद नेमका तोच असतो. निकालासोबत पक्षकाराला मराठीत पानभर सारांश मिळावा. सर्वोच्च न्यायालय २०१९ पासून यंत्राच्या मदतीने निकालांची भाषांतरं करत आहे. ती यंत्रंही या शब्दांपाशीच अडखळणार, कारण त्यांना शिकवायला माणसांनीच हे शब्द इंग्रजीत कधी नीट समजावून ठेवलेले नाहीत.

अशा शब्दांची यादी करायला बसलं, तर पहिल्या पानावर एक इंग्रजी शब्दही घ्यावा लागेल. गावच्या चराईच्या सरकारी जमिनीला वऱ्हाडात ‘ई-क्लास’ म्हणतात. इंग्रजी अमदानीतल्या वर्गवारीतून आलेला हा शब्द आज निरक्षर गुराख्याच्याही तोंडी आहे, आणि परराज्यातून आलेल्या, उत्तम इंग्रजी जाणणाऱ्या न्यायमूर्तींना तो वऱ्हाडातल्याच कुणीतरी समजावून सांगावा लागतो.