चोविसांतला एक गुरू वाडीवरचा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती आली की महाप्रसादाबरोबर आरोग्य शिबिराचाही विषय निघतो. डॉक्टर येतात, रक्तदाब तपासतात, गोळ्या वाटतात. चांगलंच आहे. पण ज्याची सेवा करायची त्याला आपण कधी विचारतो का, की बाबा, तुला नक्की काय हवंय? न विचारता केलेली ती सेवा, की नुसतं दान?

दत्तगुरूंनी चोवीस गुरू केले. त्यांत पृथ्वी आहे, मधमाशी आहे, अजगर आहे, बांगड्या उतरवून कांडण करणारी मुलगीही आहे. कोण किती शिकलेला, हे त्यांनी पाहिलं नाही.

हीच दृष्टी आरोग्याच्या कामात काहींनी प्रत्यक्ष आणली. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. गावानेच निवडलेल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्यांत दलित बायकाही होत्या. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्याच हातून गावची बाळंतपणं होऊ लागली.

आपल्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला, प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी सत्तरच्या दशकात असाच प्रयोग केला. कमी शिकलेल्या गावच्या बायकांनी तो चांगला पेलला. पुढे स्थानिक पुढाऱ्यांचा विरोध झाला आणि काम थांबलं. यातून एक गोष्ट कळते. गरीब माणूस मुकाट्याने औषध घेतो तोवर कोणाची हरकत नसते. तो प्रश्न विचारू लागला की अडचण होते.

आता गावोगाव आशाताई आहेत, ग्राम आरोग्य समित्या आहेत. पण वही जुळली म्हणजे व्यवहार खरा झाला, असं नसतं. आपल्या पेण-रोह्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या कामाला जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे मार्गशीर्षातल्या शिबिराची ज्यांना सगळ्यात गरज, तेच वाडीवर नसतात. लसीकरणाच्या दिवशीही नसतात. नोंदवहीत शेरा पडतो, 'गैरहजर'. वाडीवरच्या एखाद्या बाईला आधी विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, "पावसात या, नाहीतर भट्टीवर या."

कोणी म्हणेल, अडाण्याला औषधातलं काय कळतं? नसेल कळत. पण दवाखान्यात गेलं की दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं पदरचं जातं, आणि खिडकीवर कोण कसं बोलतं, हे त्यालाच कळतं. तेवढं कळल्याशिवाय डॉक्टरचं ज्ञान वाडीपर्यंत पोचत नाही. अर्थात लोकांचा सहभाग म्हणजे सरकारची सुटका नव्हे. डॉक्टर, औषधं आणि आशाताईंचा मोबदला वेळेवर मिळालाच पाहिजे.

तेव्हा भक्तमंडळींना एवढीच विनंती, की यंदा शिबिराची तारीख ठरवायच्या बैठकीला वाडीवरची दोन माणसं बोलवा. त्यांना पंगतीला आपण बसवतोच, आता बैठकीतही बसवू. आपण ऐकायला बसलो, तर पंचविसावा गुरू तिथेच भेटेल.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥