हाताची ओळख

जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात, मध्यंतराच्या चहाच्या वेळी, एका वयोवृद्ध रसिकांनी असा फैसला देऊन टाकला की हेवी मेटलमध्ये गिटार कोणीही वाजवो, आवाज एकच निघतो. त्या वादकांचे केस, कातडी पोशाख आणि कर्कशपणा यांविषयीची तक्रार सर्वपरिचित आहे. परंतु हात ओळखता येत नाही हा आक्षेप मनाला टोचत राहिला, कारण तो अर्धा खरा आहे.

डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या करामतीतून, तारेचा नाद गेला की हलका आघात आणि जोरकस आघात यांतील अंतर पुष्कळसे बुजते, आणि ज्या लहानमोठेपणावर आपले सतारिये अर्धी मैफल जिंकतात ते साधनच वादकाकडून जप्त होते. उरते ती स्वराला स्वर जोडण्याची रीत. आयर्न मेडन या इंग्लिश बँडच्या १९८३ सालच्या 'द ट्रूपर'मध्ये ॲड्रियन स्मिथ आणि डेव्ह मरे यांचे एकल तुकडे एकापाठोपाठ येतात. स्मिथ उजव्या हाताच्या आघाताने स्वर सुटे आणि रेखीव ठेवतो. मरे एकदा तार छेडून पुढले स्वर डाव्या हाताच्या बोटांच्या थापेनेच काढतो, म्हणून त्याच्या तानेत सांधा ऐकू येत नाही. सतारिये विलायत खाँ एका आघातानंतर तार ओढून मींडेत कितीतरी स्वर काढीत; तेव्हा गायकी (गळ्यासारखे जोडलेले स्वर) आणि तंतकारी (आघाताने सुटे काढलेले स्वर) हा जो भेद मी जिथे तिथे लावून मित्रांना कंटाळा आणतो, तो इथेही लागू पडावा.

धुळ्याच्या आग्रा रोडवरून वरात निघते तेव्हा बेंजोचा आवाज कर्ण्यातून असाच फाटून येतो, तरीही वादक बदलला की नवरदेवाच्या मावश्यांना ते दुसऱ्या कडव्याआधी कळते. आमचे रसिक मात्र वरातीत कानांवर हात ठेवतात.

इथवर हात ही वादकाची खाजगी मिळकत असे मी गृहीत धरले. पण १९९० साली स्मिथ बँड सोडून गेला आणि त्याच्या जागी जॅनिक गर्स आला, तेव्हा मरेचा हात तोच असूनही त्याच्या तानांचा गोडवा मला उणा वाटू लागतो, कारण त्यांना उठाव देणारी रेखीव बाजूच नाहीशी झाली होती. म्हणजे शैलीची वहिवाट दोघांच्या सामाईक खात्यावर होती.

१९९९ साली स्मिथ परतला, पण बँडने गर्सला निरोप दिला नाही. १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात हे तिघे एकाच मंचावर होते. गर्सचे वादन उधळलेले, हावभाव त्याहून उधळलेले, आणि तो अनावश्यक आहे अशी पुष्कळ चाहत्यांची फिर्याद असते. मला तर तो हवा आहे. तो नसता तर त्या दोघांमधला भेद इतका नेटका उरला असता की चार गाण्यांनंतर मीच चहाला उठलो असतो.