सन्मान कीं विसार?

अल्प वयांत लाभलेली कीर्ति लेखकास तारक ठरते कीं मारक, हा वाद जुना आहे. साहित्य अकादमीनें २०११ सालापासून ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांस युवा पुरस्कार देण्यास आरंभ केल्यापासून तो प्रतिवर्षीं नव्यानें निघतो. ५०,००० रुपये व एक ताम्रपट, एवढेंच त्या पुरस्काराचें बाह्य रूप. परंतु काल ज्याचें नांव चार स्नेह्यांपलीकडे कोणास ठाऊक नव्हतें, त्याची आज देशभर चर्चा होते. कोणी म्हणतात, कोंवळ्या रोपास फार पाणी घातलें तर मूळ कुजतें. कोणी म्हणतात, वेळेवर पाणी न मिळाल्यास रोपच उरत नाहीं. दोन्ही दृष्टांत खरे असल्यामुळें त्यांनीं निर्णय होत नाहीं.

प्रत्यक्ष उदाहरणें पाहावींत. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलास ‘बालकवि’ ही पदवी मिळाली. १९१८ सालीं आगगाडीच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. पण तोंवर त्या कौतुकानें त्यांची लेखणी अडली नाहीं. उलट डॉम मोराइस यांचें पाहा. १९३८ सालीं मुंबईंत एका गोमंतकीय कुळांत जन्मलेल्या या इंग्रजी कवीच्या पहिल्याच संग्रहास १९५८ सालीं इंग्लंडांत हॉथॉर्नडेन पारितोषिक मिळालें. पुढें त्यांच्या कवितेनें दीर्घकाळ मौन धरलें. त्या काळांत त्यांनीं गद्य विपुल लिहिलें. परंतु जुन्या कीर्तीच्या जोरावर संग्रहामागून संग्रह काढले नाहींत. कविता परतली, आणि १९९४ सालीं साहित्य अकादमीनेंही त्यांचा गौरव केला. मधलें मौन कीर्तीमुळें आलें, असें म्हणण्यास आम्ही धजत नाहीं. तें त्यांनीं प्रामाणिकपणें पाळलें, एवढेंच म्हणतों.

आम्हांस वाटतें, हा प्रश्न चुकीच्या माणसास विचारला जातो. सन्मान पचवितां येईल काय, असें आपण तरुणास विचारतों. सन्मान करतां येतो काय, असें स्वतःस विचारीत नाहीं. या दोषांतून आम्हीही सुटलेले नाहीं. एका तरुणाचा लेख आमच्या टेबलावर कित्येक महिने पडून होता. त्याच्या पुरस्काराची वार्ता येतांच आम्हीं तो शोधून काढला, आणि दिवाळी अंकासाठीं ‘तसेंच आणखी कांहीं’ पाठविण्याविषयीं उलट टपालीं लिहिलें. उत्तर आलें नाहीं, तेव्हां त्यास गर्व झाला असेल, असेंही आमच्या मनांत आलें! वस्तुतः लेख तोच होता; बदलली होती ती आमची दृष्टि.

पारितोषिक हें झालेल्या कामाचें मोल आहे. पुढील पिकावर दिलेला विसार नव्हे. विसार घेतलेल्यास माल द्यावाच लागतो, आणि तोही ठरल्या वाणाचा. लेखकास मात्र दुसरें पुस्तक फसविण्याचा, वाट बदलण्याचा, प्रसंगीं गप्प बसण्याचा अधिकार हवा. तो अधिकार कोणत्याही ताम्रपटावर कोरतां येत नाहीं. तो वाचकांनीं, प्रकाशकांनीं आणि आम्हां संपादकांनींच द्यावयाचा असतो. तेवढें औदार्य अंगीं नसेल, तर हार आणण्याची घाई आपण करूं नये.