ढाल किती, तलवार किती?

गेल्या नाताळात माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. मिस्साहून परतल्यावर सारी मंडळी झोपी गेली. हा मात्र ओटीवर मोबाईलच्या पडद्याकडे चिंतातुर मुद्रेने पाहत बसला होता. विचारले तेव्हा म्हणाला, "मामा, पहाटे चार वाजता माझ्या गावावर हल्ला येणार आहे."

खेळाचे नाव ट्रॅव्हियन. २००४ साली जर्मनीत सुरू झालेला हा खेळ जगभरातील माणसे एकमेकांविरुद्ध खेळतात. रोमन, गॉल, ट्युटन अशा एखाद्या प्राचीन लोकांचे गाव घ्यायचे, लाकूड, माती, लोखंड व धान्य यांची बेगमी करीत ते वाढवायचे. आपण झोपलो तरी खेळ झोपत नाही.

प्रत्येक सैनिकाचा स्वभाव येथे आकड्यांत लिहिलेला असतो. गॉलांच्या फॅलँक्सचे आक्रमणबळ अवघे १५. पण पायदळासमोर त्याचे रक्षणबळ ४० आणि घोडदळासमोर ५०. त्यांच्याच तलवारबाजाचे आक्रमणबळ ६५, रक्षणबळ मात्र ३५ आणि २०. ट्युटनांचा स्वस्तातला सोटेधारी ४० बळाने चालून जातो. पण घरी बसून घोडेस्वारांना तोंड देण्याची वेळ आली तर त्याच्यापाशी केवळ ५ उरतात! खऱ्या जगात एकच शस्त्र रक्षणासाठी आहे की आक्रमणासाठी, यावर राष्ट्रे वर्षानुवर्षे वाद घालतात. येथे तो वाद खेळ रचणाऱ्यानेच मिटवून टाकला आहे.

भाच्याने केवळ फॅलँक्स उभे केले होते. "मी कुणाच्या वाटेला जात नाही," तो म्हणाला. मामा या नात्याने मला बरे वाटले, हे कबूल करतो. तलवारबाजांची मोठी फौज पदरी बाळगणाऱ्याची दशा त्यानेच मला समजावून सांगितली. प्रत्येक सैनिक तासागणिक धान्य खातो. फौज वाढली की गावचे शेत पुरत नाही; मग लूट आणावीच लागते, नाही तर कोठार रिकामे होऊन सैनिक उपाशी मरू लागतात. पहिला हल्ला हौसेने केलेला असतो. पुढचे पोटासाठी करावे लागतात. योग्य युद्धाच्या अटींत संत थॉमस अॅक्विनास यांनी शुद्ध हेतूचा आग्रह का धरला असेल, ते मला त्या ओटीवर थोडे अधिक उमगले. भुकेल्या फौजेच्या धन्याला हेतू निवडण्याची मोकळीक फारशी उरत नाही.

तथापि केवळ ढाल बाळगणारा निर्दोष ठरतो काय? भाच्याच्या संघातील दुसऱ्या एका खेळाडूच्या गावावरही त्याच पहाटे हल्ला येणार होता. त्याने निरोप पाठवून निम्मे फॅलँक्स मागितले होते. पाठविले असते तर ते तासाभरात पोहोचले असते, आणि तेथे त्याचेच धान्य खाऊन त्याच्या तटावर उभे राहिले असते. अडचण अशी की, हल्ला कोठून व केव्हा येणार एवढेच कळते. मागे किती फौज आहे ते कळत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातील राजा दहा हजारांनिशी वीस हजारांना तोंड देता येईल काय, याचा बसून विचार करतो. त्या राजाला निदान शत्रूची संख्या ठाऊक होती.

इतरांच्या प्राणांची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याच्यासाठी रक्षण हा केवळ हक्क नसून गंभीर कर्तव्य ठरू शकते, असे ख्रिस्तसभेची धर्मशिकवण सांगते. येथे कुणाचे प्राण जाणार नव्हते, हे खरे. पण त्या गावामागे कुणीतरी जिवंत माणूस होता. त्याने महिनोन्‌महिने त्यात जीव ओतला होता, आणि आमच्याप्रमाणेच तोही त्या रात्री जागा असावा.

मुरलेले खेळाडू म्हणे कामे वाटून घेतात: काही गावे केवळ चढाईची, काही केवळ रक्षणाची. म्हणजे ढाल-तलवारीचा तोल एकेका गावाने नव्हे, तर सबंध संघाने सांभाळायचा. व्यवस्था शहाणपणाची खरी. पण मग फॅलँक्सच्या पोटी जाणारे धान्य कुणा तिसऱ्याच्या लुटीतले नसेल कशावरून? हे मी भाच्याला विचारले. तो म्हणाला, "मामा, आत्ता ते राहू दे. पाठवू की नको, एवढेच सांग."

मी म्हणालो, "आधी आपले घर राख."

चार वाजता त्याच्या तटाशी पंचवीस सोटेधारी आले. नुसती हूल होती ती. सारे तिथल्या तिथे संपले. फौज दुसऱ्या गावावर उतरली होती. नाताळच्या सकाळी आम्ही न्याहारीला बसलो, तेव्हा भाचा न जेवता आपल्या व्यापाऱ्यांकरवी त्या मित्राला धान्य धाडीत होता. मित्राचे उत्तर अद्याप आले नव्हते.